सीरियलमधली माझी पोटदुखी

टीव्हीवर सध्या गावच्या डॉक्टरची एक सीरियल चालू आहे. डॉक्टर तापट, पण मनाने सोन्यासारखा. पेशंटला आधी शिव्या घालतो आणि मग त्यालाच मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेतो. फी घेत नाही, भेंडी घेतो. गावातली म्हातारी त्याच्या डोक्यावरून हात फिरवते आणि मागे बासरी वाजते. घरी त्याची बायको असते. तिच्यासाठी बासरी नाही, तिच्यासाठी ‘टुंई’ असा एक आवाज ठेवला आहे. ती हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली की टुंई. ‘फिर देर से आए’ म्हणाली की टुंई. ती शहरातली, तिला नवऱ्याचं मोठेपण कळत नाही, आणि आता त्यांचं लग्न टिकतं की मोडतं याची काळजी साऱ्या देशाला लागली आहे. देश अर्थातच नवऱ्याच्या बाजूने आहे.

ती झाऱ्यावाली बायको म्हणजे मी. हे मी फुशारकीने सांगत नाही. विजय नगरच्या आमच्या कॉलनीत ते सगळ्यांना ठाऊक आहे, कारण आमच्या डॉक्टरांनी स्वतः फिरून सांगितलं. भाजीवाल्या भैयालाही सांगितलं. तो आता मला वांगी तोलून देताना हसतो.

झालं असं की मुंबईहून दोन तरुण लेखक खऱ्या खेड्यातल्या खऱ्या डॉक्टरच्या शोधात जबलपूरला आले, आणि कुणीतरी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांचा दवाखाना पनागरला आहे. सकाळी गाडीने जातात, संध्याकाळी येतात. पनागर हे खेडं नाही. तिथे बँका आहेत, मोबाइलची दुकानं आहेत, डॉक्टरही आमच्या डॉक्टरांशिवाय पुष्कळ आहेत. पण हे जन्मभर त्याला ‘माझं खेडं’ म्हणत आले, कारण खेड्यात डॉक्टर देव असतो आणि मोठ्या गावात नुसता डॉक्टर. लेखकांना देवच हवा होता. त्यांचं जमलं.

ते दिवसभर दवाखान्यात बसायचे आणि संध्याकाळी डॉक्टरांबरोबर जेवायला आमच्याकडे यायचे. मी त्यांना गोळाभात करून घातला, वरून फोडणीचं तेल वाढलं, त्यांनी बोटं चाटून खाल्लं. घरात ज्या माणसाच्या तोंडून ‘हं’च्या पुढे शब्द निघत नाही, त्याची त्या पोरांसमोर अशी टकळी सुरू झाली की मी वाटी हातात घेऊन दारातच उभी राहिले. माझ्या भावाच्या लग्नात हे कसे पोचलेच नाहीत आणि मी मांडवात कशी फुगून बसले होते, हे सांगून झालं. मी चिडून केलेल्या खारट भाजीचं सांगून झालं. सगळं हिंदीत आणि सगळं विनोद म्हणून. ती दोघं पोरं हसून हसून लोळत होती. मीही हसले, कारण पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार.

पुढे ते एकेक पडद्यावर आलं. माझ्या भावाच्या लग्नात मी एकटी उभी होते. त्या बाईच्या भावाच्या लग्नात डॉक्टर उशिरा येतो, नवरदेवाच्या आजारी घोडीला औषध देतो, वरात त्याला खांद्यावर घेते आणि बायको हुंदके देत हसते. शेवटी जी नावं सरसर वर जातात त्यांत आमच्या डॉक्टरांचं नाव असतं. ते दिसावं म्हणून आम्ही टीव्ही थांबवतो.

यातली खरी गोम बाहेरच्यांच्या लक्षात येणार नाही, म्हणून सांगते. आमच्या घरात भांडायची भाषा मराठी आहे. दूधवाल्याशी हिंदी, शाळेत हिंदी, शेजारीपाजारी हिंदी, मुलीशीसुद्धा निम्मी हिंदी. पण नवरा-बायकोचं काही बिनसलं की आवाज खाली आणि मराठी सुरू. भिंतीपलीकडे कळू नये म्हणून. जबलपुरातल्या पुष्कळ मराठी घरांत ही रीत आहे, कुणी कबूल करो न करो. त्यामुळे आमच्या मुलीला ‘डोकं नको खाऊ’ आणि ‘तुमच्या घरच्यांनी काय दिवे लावले’ हे बिनचूक समजतं, पण फुलपाखरू म्हणजे काय ते तिला मोठेपणी विचारावं लागलं. एवढ्या वर्षांच्या मराठीवर त्या सीरियलने पाणी फिरवलं. आमचं लग्न पहिल्यांदाच हिंदीत आलं आणि सगळ्या गल्लीला समजलं.

तरी भांडणांचं मला तेवढं वाईट वाटलं नसतं. भांडणं सगळ्यांचीच असतात. पण एक गोष्ट अशी होती की तिच्यावरून आम्ही मराठीतही कधी भांडलो नव्हतो, आणि माझं सगळं लग्न तिच्यावर उभं होतं.

मुलगी लहान होती, नुकती शाळेत जायला लागली होती. थंडीचे दिवस होते. सकाळीच माझ्या पोटात दुखायला लागलं, साधं नाही, वाकून भिंत धरावी असं. डॉक्टर बूट घालत होते. मी त्यांना सांगितलं की फार दुखतं आहे, आणि हेही सांगितलं की या वेळी पाळी चुकली आहे. ते बुटाची नाडी ओढता ओढता म्हणाले, गॅस आहे, ओवा खा. आणि पनागरला गेले. तिथे कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण अडलं होतं.

दुपारी मी मोरीत पडले. शेजारच्या भाभीजी वाटीभर साखर मागायला आल्या म्हणून मी वाचले. त्यांनी मुलीला आपल्या सासूकडे दिलं, नवऱ्याला फॅक्टरीतून बोलावून घेतलं, आणि दोघांनी मला स्कूटरवर मध्ये बसवून हॉस्पिटलला नेलं. भाभीजींनी मागून मला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं, त्यांची साडी माझ्या रक्ताने भिजली. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. ऑपरेशन झालं. गर्भ गेला, नळी गेली, आणि नंतर मला दुसरं मूल झालं नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. मोसंबी घेऊन आले. पलंगाशेजारी बसून एकेक फोड सोलून, बिया काढून मला दिली, आणि एक शब्द बोलले नाहीत. मी घरी आले तर दारात मटारची गोणी होती. त्या सुनेच्या सासऱ्याने पाठवली होती, बाळंतपण सुखरूप झालं म्हणून. डॉक्टर तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही कधीच नाही.

त्या गप्प बसण्याला मी लाज समजले. हा माणूस शरमेने मरून गेला आहे, त्याची जीभ उचलत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि त्यावर दिवस काढले. पुरावेही गोळा केले. घरात त्यांनी गॅस हा शब्द पुन्हा काढला नाही, अ‍ॅसिडिटी म्हणायला लागले. त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने त्यांनी गाडी कधी नेली नाही, लांबून वळसा घालून जायचे. मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघायची आणि मनातल्या मनात त्यांना माफ करायची. बाकी ते उशिरा येवोत, माझ्या माहेरच्यांना विसरोत, माझी शाळेतली नोकरी म्हणजे हौस आहे असं चारचौघांत म्हणोत. याला लाज आहे, एवढं मला पुरत होतं.

आणि मग एका शनिवारी संध्याकाळी तो भाग लागला.

डॉक्टरांनी मुद्दाम शेजाऱ्यांना बोलावलं होतं, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जिलबी आणली होती. ‘आजचा भाग माझा आहे,’ असं ते सकाळपासून म्हणत होते. हॉल भरला होता. भाभीजी नेहमीच्या जागी, पंख्याखालच्या खुर्चीत होत्या. त्यांचे गुडघे गेले आहेत, खाली बसवत नाही.

पडद्यावर डॉक्टर बूट घालतो आहे. बायको पोट धरून येते. ‘गैस है, अजवाइन खा लो.’ टुंई. ‘मैं मर जाऊँगी जी.’ टुंई टुंई. हॉलमध्ये हशा. डॉक्टर निघून जातो, चिखलात अडकलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एका बाईचं बाळंतपण करतो, जुळी होतात, बासरी वाजते. इकडे बायको गल्लीभर कण्हत फिरते आणि शेवटी चार बायकांसमोर मोठ्ठी ढेकर देते. गॅसच होता. सगळी गल्ली हसते. संध्याकाळी डॉक्टर परत येतो, त्याच्या खांद्यावर मटारची गोणी असते. बायको लाजून मटार सोलायला बसते.

गोणी पाहिली तेव्हा मी जिलबीचं ताट घेऊन उठले आणि वाढायला लागले. तोवर मी स्वतःला समजावत होते की पोटदुखी काय, कुणाचीही असते. मटारची गोणी मुंबईच्या पोरांना कुठून सुचणार होती?

भाभीजी आतापर्यंत सगळ्यांबरोबर हसत होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्यांचं हसणं थांबलं.

“भाईसाहब,” त्या म्हणाल्या, “ये तो उसी दिन का है न? मटर वाला?”

“हाँ हाँ, वही,” डॉक्टर खूश होऊन म्हणाले. “मैंने ही सुनाया था उनको.”

“पर उस दिन तो...” भाभीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जिलबी वाढत होते, वाढतच राहिले. त्यांनी आपली बशी खाली ठेवली, गुडघे दुखतात म्हणाल्या आणि भिंत धरत धरत घरी गेल्या. जाहिराती लागल्या होत्या, कुणाचं लक्ष गेलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी बशा गोळा करता करता आमच्या भांडणाच्या भाषेत विचारलं, “त्या दिवसाचं तुम्ही त्यांना काय सांगितलं?”

“हेच. तुझं पोट दुखून राहिलं होतं, मी म्हटलं गॅस आहे, अन् पनागरला गेलो.”

“अन् मग?”

“मग काय, डिलिव्हरी झाली. एकच लेकरू होतं, यांनी जुळे केले. पण भारी कठीण केस होती ते. पायाळू होतं.”

त्या बाईचं बाळ पायाळू होतं हे त्यांच्या ध्यानात होतं. मी पुढचं विचारणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भोपाळहून कुणीतरी भाग पाहून अभिनंदन करत होतं. ते बोलत बोलत गॅलरीत गेले.

एवढ्यावर कुणा शहाण्या बाईचे डोळे उघडले असते. माझे नाही. मी मोरीत बशा घासताना नवा युक्तिवाद तयार केला, की पुढचं सांगायला यांची जीभ रेटली नसेल, अर्धी गोष्ट लाजेने गिळली आणि लेखकांनी उरलेल्या अर्ध्याला ढेकर जोडली. बायका नवऱ्याची वकिली बिनफी करतात ती अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला. “मम्मी, कल का एपिसोड! पापा कितने क्यूट हैं यार.” त्या दिवशी तीही शेजारी भाभीजींच्या सासूच्या मांडीवर बसून रडत होती, पण तिला ते आठवायचं काही कारण नाही. मी म्हटलं, हो, छान झाला.

तो रविवार होता, दवाखाना बंद. आम्ही दुपारी जेवायला बसलो आणि त्या दोघांपैकी एका लेखकाचा फोन आला. सीरियलमध्ये आता बायको घर सोडून जाणार होती. ती जाते कशाला, याला चांगलं कारण सुचत नव्हतं. कारण दमदार हवं, पण हलकंफुलकंही हवं, असं तो म्हणत होता. डॉक्टरांनी फोन वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवला, आवाज मोठा केला आणि मला म्हणाले, “सांग नं याला. तू गेली असती तर काहून गेली असती?”

लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला. तोही दुसऱ्याच्या कामासाठी.

मी सांगितलं. हिंदीत सांगितलं, अगदी खणखणीत आवाजात, खिडकी उघडी असताना. की ती बाई जाईल, कारण तिला गॅस झाला नव्हता. तिच्या पोटात मूल होतं आणि ते चुकीच्या जागी होतं. पाळी चुकल्याचं तिने नवऱ्याला सांगितलं होतं आणि त्याने बुटाची नाडी बांधली. तिला शेजारणीने स्कूटरवर नेलं, मूल गेलं, आणि त्याच दिवशी दुसरीचं मूल वाचवल्याबद्दल घरी मटार आले. ते मटार तिनेच सोलले, पोटाला टाके असताना, कारण वाया जातील असं सासूने फोनवर सांगितलं होतं. एवढं कारण पुरे होईल का, असं मी त्याला विचारलं.

मग तो मुलगा म्हणाला, “मैम, मुझे नहीं पता था। माफ़ कीजिए।” त्याचा आवाज खरोखर पडला होता, त्याला मी दोष देत नाही. मग तो जरा चाचरत म्हणाला, “लेकिन ये हम रख नहीं पाएँगे मैम. लोग डॉक्टर साहब से बहुत प्यार करते हैं।”

डॉक्टरांनी फोन बंद केला. भातावर वरण घेतलं आणि कालवायला लागले.

“मी त्यांना पुढचं म्हणूनच नव्हतं सांगितलं,” ते म्हणाले. “असं जड नाही चालत कॉमेडीत.”

“एक विचारू?” मी म्हटलं. “तुम्हाला त्या दिवसाची लाज वाटते नं? एवढंच सांगा. वाटते नं?”

त्यांनी विचार केला. हे मी मान्य करीन की त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला, हात थांबवून. डॉक्टर खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायला समोरच्याला काय ऐकायचं आहे ते कळावं लागतं.

“लाज काहून?” ते म्हणाले. “लक्षण गॅसचंच होतं. कोणीही डॉक्टर तेच म्हणला असता.”

“पाळी चुकल्याचं सांगितलं होतं मी.”

“सांगितलं असशील. सकाळच्या घाईत ऐकलं नसेल.”

“मग इतकी वर्षं त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने तुम्ही गाडी काहून नेत नाही?”

“तिथं स्पीडब्रेकर किती आहेत, माहीत आहे नं? माझी कंबर राहते का मग.” ते पुन्हा जेवायला लागले. “अन् तू बरी झाली नं शेवटी? आता कायचा राग धरून राहिली?”

मला आधी हसू आलं. मग राग आला, आणि तो त्यांच्यापेक्षा माझा स्वतःचाच जास्त आला. या माणसाच्या मनात मी जे काही पाहत आले ते मीच नेऊन ठेवलेलं होतं. तिथे दुसरं काहीच नव्हतं. अपराध नव्हता, दुःख नव्हतं, त्या मुलाची आठवणही नव्हती. मी खरकट्या हाताने उठले आणि शेजारी भाभीजींकडे गेले.

त्या खिडकीशीच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, या वेळी समजलंही होतं. मला जवळ बसवून त्या म्हणाल्या, “हम तो इतने साल इसलिए चुप रहे दीदी, कि बात निकलेगी तो भाईसाहब को शरम आएगी।” म्हणजे त्याही. रक्ताने भिजलेली ती साडी त्यांनी नवऱ्याला सांगून जाळून टाकली होती, कॉलनीत कुणाला कळू दिलं नव्हतं, सासूलाही शपथ घातली होती. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या दिवशी हॉस्पिटलात रडले नव्हते ते सगळं रडले.

सीरियलमधली बायको दोन भागांत परत आली. तिला नवऱ्याने रानातून करवंदं आणून दिली, आणि पहिल्यांदाच तिच्यासाठी बासरी वाजली. मी मुलीकडे पुण्याला जायला निघाले आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं, सांगायला मराठी आणि हिंदी दोन्ही लागलं. ती म्हणाली, मम्मी तू ये. काल मी बॅग भरत असताना डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, “परत कधी येशील?”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हातातली साडी मी तशीच धरून ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“तसं नाही,” ते म्हणाले. “पुढच्या भागासाठी तो लेखक विचारून राहिला होता.”